मैनेच्या डोलकाठीवर

॥ श्री ॥
धावडा, ता. भोकरदन
१२ ऑक्टोबर १९८७

चि. उषास बद्रीनाथचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एकदा मनात वाचलं आन् एकदा तुझ्या सासूला ऐकू जाईल असं मोठ्यानं. धर्मराज गेल्यावर तू इकडं येशील असं ती धरून बसलीती. होड्यांच्या क्लबानं शिडं शिवायचं काम दिलं, खोली तीच ठेवली, मी हितंच राहते, हे वाचलं तशी ती उठून चुलीकडं गेली. काही बोलली न्हाई. तिचं असं हाये की मुंबईनं पोरगा नेला, आता सूनही ठेवून घेतली. त्याला झाली तशी कावीळ कुठंही होती, हे तिला कोण सांगणार. मलाच कव्हा कव्हा पटत न्हाई.

माझं म्हणशील तर तू केलं ते बराबर केलं. तुझ्या माहेरी आता कोणी राह्यलं न्हाई. हितं आलीस तर आम्ही दोघं म्हातारे तुझ्या तोंडाकडं बघत बसू आन् तू आमच्या. शिलाई तुझ्या हातात हाये, ती वाया जाऊ नये.

फक्त एक कळव. धर्मराज खलाशी म्हणून त्या होड्यांवर लागला तव्हा सारं गाव हासलं होतं. विहिरीबिगर पाणी न पाहिलेला माणूस होडी काय सांभाळणार म्हणून. त्यानंही मला कव्हा नीट सांगितलं न्हाई की तिथं काम काय असतं. तू सांग. मला वाचायला आवडंल.

तब्येतीला जप. आमची माया तुझ्यापाशी हाये असं समज.

बद्रीनाथ

॥ श्री ॥
मुंबई
८ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप मामांच्या चरणी उषाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून जिवाला लई बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा. त्या बोलल्या न्हाईत तरी चालंल, मी लिहीत जाईन.

मी ज्या होडीचं काम करून राह्यले तिचं नाव ‘मैना’. मालकीण सरोजिनीबाई, कॉलेजात शिकवून आता निवृत्त झाल्या. होडी लहान, तीनचार माणसांची. मधोमध उंच डोलकाठी, तिला दोन शिडं. तुम्हाला वाटंल एवढं उंच शीड वाऱ्यानं आडवं कसं होत न्हाई? तर पोटाखाली पाण्यात माशाच्या परासारखा एक जाड पंखा असतो, त्यात शिसं ओतलेलं. वारा वरून ढकलतो आन् शिसं खालून ओढून धरतं. होडी कलंडती, पण पुन्हा उभी राहती. पहिल्यांदा कलली तव्हा मी डोळे मिटून घेतले. सरोजिनीबाई म्हणल्या, उघडे ठेव, पाह्यलं की भीती कमी होती.

डोलकाठी नुसती पायावर उभी न्हाई. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी पोलादी तारांनी ताणून धरलेली असती. एक तार गेली की काठी गेली. म्हणून शिलाईपेक्षा तारांची तपासणी मोठी. हे सारं मला मच्छिंद्र दाखवतात. ते जांब समर्थचे, तुम्हाला आठवत असतील. ह्यांनीच त्यांना क्लबात लावलं होतं आन् दहाव्याला ते गावी आल्ते. तारांचं सगळं काम त्यांच्याकडं हाये. एक गोष्ट दहादा विचारली तरी चिडत न्हाईत. सरोजिनीबाई चिडतात.

समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं सगळं धुवायचं, न्हाईतर मीठ कप्प्या खाऊन टाकतं. हात फाटलेत, पण झोप लागती.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली उषा

॥ श्री ॥
धावडा
२० जानेवारी १९८८

चि. उषास आशीर्वाद, वि. वि.

चतुर्थीला राजूरला गेल्तो. गणपतीच्या रांगेत एका पाव्हण्याला तुझ्या होडीची सारी हकीकत सांगितली. शिसं, शीड, तारा, समदं. त्याला वाटलं मी दर्यावरचाच माणूस हाये. मी बी नाही म्हणलं न्हाई.

मधल्या एका पत्रात तू लिहिलंस की डोलकाठीच्या टोकावरची कप्पी बघायला फळीवर बसून वर जावं लागतं. हे वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर न्हाई. विहिरीत उतरताना वर दोर कोण धरतंय हे मी आधी बघतो, मंग पाय टाकतो. तुझा दोर खाली कोण धरतं, ते कळव.

तारेवरून कापसाचा बोळा फिरवायचा आन् बारीक धागा तुटला असंल तिथं कापूस अडकतो, हेही तूच लिहिलंस. मुंबईचा कापूस कसला असणार. आपल्या वावरातला पाठवला हाये. सरकी तुझ्या सासूनं काढली. मी सांगितलं न्हाई, तिनं आपण होऊन घेतला. कशासाठी ते मात्र विचारलं. मी सांगितलं. तर म्हणली, मंग कचरा राहून कसं चालंल, आन् पुन्हा निवडत बसली.

तुझं बरं चालावं, एवढंच मागणं.

बद्रीनाथ

॥ श्री ॥
मुंबई
६ मार्च १९८८

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

कापूस मिळाला. आईंच्या हातचा हाये हे बोळा करतानाच कळलं, एक काडी सापडली न्हाई. त्यानंच मी मैनेच्या तारा पुसल्या आन् डाव्या बाजूच्या तारेला, जिथं ती वरच्या चापात जाती, कापूस धरला गेला. बघितलं तर एक धागा तुटून वर आल्ता, केसाएवढा. सरोजिनीबाईंना बोलावलं. त्यांनी भिंग लावून पाह्यलं, म्हणल्या की एक तुटला म्हंजी बाकीचे रांगेत उभे असतात, आन् तार त्याच दिवशी बदलली. जुनी तार त्यांनी घरी नेली. मला शाबासकी म्हणून त्यांच्या हातचा चहा मिळाला. चहा बिलकुल चांगला नव्हता.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर. दोर मच्छिंद्र धरतात. एकच दोर न्हाई, दोन असतात. एकावर फळी आन् दुसरा माझ्या कमरेला. ते खुंटीला दोराचे वेढे देतात आन् मी वर असेस्तोवर कोणाशी बोलत न्हाईत. क्लबातले मोठे लोक हाक मारून राह्यले तरी मान वळवत न्हाईत. एकदा वरून मी विचारलं की तुम्ही खाली काय बघता. ते म्हणले, दोर. बस, एवढंच.

वरून सारं बंदर दिसतं. तुम्ही काळजी करू नका.

आईंना नमस्कार. लोभ हाये तो असाच राहू द्या.

उषा

॥ श्री ॥
मुंबई
१५ मे १९८८

तीर्थरूप मामांना नमस्कार वि. वि.

मी सुखरूप हाये हे आधी लिहिते, मंग बाकीचं.

रविवारी पावसाळ्याआधीची शेवटची शर्यत होती. मैनेवर सरोजिनीबाई, त्यांचा भाचा आन् मी. मच्छिंद्र दुसऱ्या होडीवर होते. दुपारून वारा अचानक वाढला. आम्ही मोठं शीड खाली ओढून लहान करून बांधलं. त्यांच्या होडीनंही केलं. तरी जोराचा झोत आला आन् त्यांची डोलकाठी खाडकन मोडून पाण्यात गेली. नंतर कळलं की तार धरणारी पट्टी लाकडाच्या आत तडकलेली होती. बाहेरून कोणालाच दिसली नसती. दोष कुणाचा म्हणावा असं न्हाई.

काठी पडताना मच्छिंद्रांना लागली आन् ते पाण्यात फेकले गेले. अंगात तरंगायचं जाकीट होतं, पण एक हात हालत नव्हता. त्यांच्या होडीवरची माणसं तारा कापण्यात गुंतलेली, कारण मोडकी काठी लाटांबरोबर होडीला धडका मारून भोक पाडती. जवळ आम्हीच होतो. सरोजिनीबाईंनी मला म्हणलं की तू फक्त त्याच्याकडं बोट दाखवून ठेव, नजर काढू नको, लाटांत माणूस दिसेनासा होतो. मी बोट धरून राह्यले. बाईंनी वळसा घेऊन वाऱ्याकडं तोंड करून होडी अशी उभी केली की ते हाताला लागतील एवढ्यावर आले. वय सत्तरीला आलंय त्यांचं, मामा, आन् आवाजसुद्धा चढला न्हाई.

मी फासा टाकला. मच्छिंद्रांनी एका हातानं काखेत घेतला. पण भिजलेला माणूस वर ओढता येत न्हाई. मंग ज्या दोरानं शीड वर चढवतात तोच सोडवून फाशाला अडकवला आन् आम्ही दोघांनी, भाच्यानं आन् मी, दोर गुंडाळायच्या चरकानं ओढलं. सगळा भार मैनेच्या काठीवर आला. ती करकरली, पण उभी राह्यली.

मच्छिंद्रांचं गळ्याजवळचं हसळीचं हाड मोडलंय. बाकी ठीक. दवाखान्यात नेलं.

जास्त लिहवत न्हाई. तुमची माया असू द्या.

उषा

॥ श्री ॥
धावडा
२ जून १९८८

चि. उषास लाख आशीर्वाद.

पत्र वाचताना मी मधीच थांबलो तर तुझी सासू म्हणली, थांबू नका, वाचा. तू त्याला वर ओढलंस तिथवर आलो आन् तिनं तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मंग म्हणली, काठी टिकली का तिची. मी म्हणलं, टिकली. तिनं विचारलं, ती तार बदलली तीच का. मी म्हणलं, डोलकाठी धरणारी तीच. हे बराबर सांगितलं का ते तू कळव. तिला तसं सांगून तरी मी मोकळा झालो.

तुझ्या सरोजिनीबाईंना माझा दंडवत. अशी बाई मी पाह्यली न्हाई. आन् तुझ्याबद्दल काय लिहू? धावड्यात आज ज्याला त्याला सांगून राह्यलो की आमच्या सुनेनं दर्यातून माणूस काढला. मच्छिंद्रचं हाड जुळलं का, कळव.

जपून राहा.

बद्रीनाथ

॥ श्री ॥
मुंबई
११ सप्टेंबर १९८८

तीर्थरूप मामांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. आईंना सांगा, तीच तार.

पावसाळाभर मैना शेडमध्ये फळ्यांवर उभी हाये. काठी उतरवून आडवी ठेवलीये. शिसं ज्या बोल्टांनी पोटाला धरलेलं असतं ते एक एक काढून गंज बघितला, दोन नवे बसवले. तळाचे शिंपले खरडून रंग दिला. शिडांच्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या, उन्हानं दोरा कुजतो. आता काठी उभी करायची. तारा अडकवायच्या पिना लावल्या की त्यांची टोकं वाकवून त्यावर पट्टी गुंडाळायची, म्हंजी शीड फाटत न्हाई. सरोजिनीबाईंनी ह्यावेळी सगळ्या तारा ताणायचं काम माझ्यावर सोडलं आन् स्वतः खुर्ची टाकून बसल्या. जरा डावीकडं, म्हणल्या. तेवढंच.

बाकी सगळं ठीक. काळजीचं काही न्हाई. आईंना नमस्कार.

आपली उषा

॥ श्री ॥
धावडा
४ ऑक्टोबर १९८८

चि. उषास आशीर्वाद.

तुझं पत्र सुंदर हाये. होडी डोळ्यापुढं उभी राह्यली. पण मी तुझी मागली पत्रं काढून बसलो. आधी ओळीओळीला मच्छिंद्र होता. मच्छिंद्रनं हे दाखवलं, मच्छिंद्रनं ते धरलं. मी त्याच्या हाडाचं विचारलं होतं, त्याचं उत्तर न्हाई. ज्याला तू पाण्यातून काढलंस त्याचं नाव तुझ्या पत्रातून गेलंय.

माणूस वाईट निघाला असंल तर तसं लिही, मी येतो. आन् तसं नसंल तरी लिही. मी म्हातारा हाये, आंधळा न्हाई. धर्मराज माझा पोरगा होता, त्याचं दुःख माझ्यापाशी हाये आन् राहील. ते तू जन्मभर डोक्यावर घेऊन चालावं असं मला वाटत न्हाई. लाजू नको. मला विचारायला दुसरं कोण हाये?

बद्रीनाथ

॥ श्री ॥
मुंबई
३० ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप मामांना नमस्कार.

चार कागद फाडले. हा पाचवा.

माणूस वाईट न्हाई. हाड जुळलं. त्या दिवशी पाण्याकडं बोट धरून उभी होते तव्हा मला कळलं, आन् ते पत्र गेल्यावर पुन्हा तुम्हाला त्यांचं नाव लिहवंना. त्यांनी मला काही विचारलेलं न्हाई. विचारणारही न्हाईत. सरोजिनीबाईंनी त्यांना छेडलं तर म्हणले की धर्मराजनं मला भाकर दिली, त्याच्या घराकडं मी असं बघू कसा. मीही काही बोलले न्हाई. धावड्याचं दार मला बंद होणार असंल तर मला काहीच नको. हे खरं लिहिते.

रागावला असाल तर तसं कळवा. पण कळवा.

उषा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
धावडा
९ जानेवारी १९८९

चि. सौ. कां. उषास बद्रीनाथ व केशरबाई यांचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी जांब समर्थला गेल्तो. मच्छिंद्रच्या बापाला भेटलो. तो बिचारा मला बघून घाबरला, पोरानं काही केलं का म्हणून. मी म्हणलं, न्हाई केलं, म्हणून तर आलो. दोघं बसलो, जेवलो, आन् बोलणं पक्कं झालं.

भावकीनं आडवं घातलं. म्हणले, करायचंच तर आपल्या रीतीनं करा. रातच्याला, गावाबाहेर, चार माणसांत पाट लावून द्या. पहिल्या वेळेसारखा मांडव नको. मी ऐकून घेतलं. तव्हा तुझी सासू, जी धर्मराज गेल्यापासून चार माणसांत बोलली न्हाई, उंबऱ्यात येऊन उभी राह्यली. ती म्हणली, “पोरगी माझी हाये. तिचं लग्न उजेडात लागंल. ज्याला ऊन सोसत न्हाई त्यानं येऊ नये.”

तशी भावकी टोप्या सावरत उठली.

तर राजूरला, गणपतीच्या दारी, माघात, भर दुपारी. हळद लागंल. मांडव पडंल. कन्यादान आम्ही दोघं करणार. सरोजिनीबाईंना मानानं घेऊन ये, त्यांना म्हणावं हितं समुद्र न्हाई पण जागा लई हाये.

आन् मच्छिंद्रला माझा निरोप दे. धर्मराजचा दोस्त म्हणून मान खाली घालून येऊ नको म्हणावं. जावई म्हणून ये. जेवताना रुस, काहीतरी माग, आम्हाला मिनतवारी करू दे. आन् उषा, तुझ्या आईनं, केशरबाईनं, आत्तापासून विचार करून ठेवलाय की तो कशावर रुसंल. तो गुपचूप जेवून उठला तर तिचा लई हिरमोड होईल.

वाट बघून राह्यलो.

मुलीकडचा,
बद्रीनाथ