धाकटीने नेलेले कागद

४ मार्च

पत्नी गेली; आता तिचे कपाटही रिकामे आहे. मी मागच्या वाफ्यात मटारच्या वेलांना काठ्या लावत होतो, तेवढ्या अवधीत धाकटी मेहुणी येऊन सारे आवरून गेली. हिचे कपडे, पावाचे दोन साचे आणि दारामागच्या खिळ्याला टांगलेले शिवणाचे कागद — सगळे.

"भावोजी, तुमच्याच्यानं झालं नसतं. म्हणून मीच उरकलं."

जाता जाता पिकलेले टोमॅटोही तोडले. "सडून जातील हो नाहीतर."

मी "बरे" म्हणालो. शिष्टाचार सुटत नाही.

५ मार्च

कपड्यांचे दुःख नाही. कागदांचे आहे. हिने आपल्या अंगावरून बेतलेले खाकी कागद होते ते. त्यांत हिच्या खांद्याची उतरण होती, दंडाचा घेर होता. आजारपणात वजन उतरत गेले तशी पेन्सिलीची रेघ आत आत सरकत गेलेली. असे कोणत्या छायाचित्रात आहे?

शिवाय भाचीच्या, म्हणजे धाकटीच्या मुलीच्या, व्हायोलिनच्या कार्यक्रमासाठीच्या झग्याचे कागद होते. हिने अंथरुणात बसून कापलेले शेवटचे काम. निळे कापडही हिनेच आणून ठेवले होते. ते भाचीचेच, हे मला मान्य आहे. परंतु मागता आले असते.

६ मार्च

पाव पातेल्यात भाजला. खाली करपला, मध्ये कच्चा. खताच्या खड्ड्यात टाकला.

८ मार्च

आज स्वतःशी स्पष्ट लिहितो. साचे, कागद, टोमॅटो ही निमित्ते आहेत. ही गेली त्या सकाळी रुग्णालयात मेहुणीनेच मला घरी धाडले. "अंघोळ करून दोन घास खाऊन या, भावोजी, मी आहे ना." मी गेलो. परतलो तेव्हा चादर नीट केलेली होती. हात हिचा, पण तो धरलेला होता धाकटीने. बाकी सारे भरून निघेल, शेवटच्या क्षणाची ही चोरी भरून निघणार नाही.

कशी परतफेड करावी, हे सुचत नाही. मनुष्य सुशिक्षित असला की सूड उगवण्याच्या कामी अगदीच निरुपयोगी ठरतो.

११ मार्च

सुचले! किंबहुना तिनेच आणून हातात दिले.

दुपारी फोन.

"भावोजी, ताईचे कागद पुढ्यात घेऊन बसलेय. एक सांगा, तिनं कागदातच माया धरलीये का हो? की कापडावर सोडायची?"

माया म्हणजे शिवणीत दाबायला ठेवायचे जास्तीचे कापड. ही कागदात माया कधीच धरीत नसे. कागद नेमका अंगाचा. माया कापडावर खडूने, नजरेने. कितीतरी दुपारी मी कागदाच्या कडा दाबून बसलो आहे, मला नाही ठाऊक तर कोणाला?

"धरलेली आहे," मी म्हणालो. "निःशंकपणे रेघेवर काप."

"नक्की?"

"नक्की. बाह्यांतसुद्धा. गळ्याला मात्र कमी आहे." आणि मी बोलत सुटलो — कात्री ही कोणती वापरी, कापड आधी भिजवून का घेई, टाचण्या ओठांत धरल्या की मी कसा रागावत असे. खोटे भरदार दिसावे म्हणून खऱ्याचा एवढा भराव घालावा लागला. धाकटी ऐकत राहिली.

"बरं झालं विचारलं," म्हणाली.

झाले तर मग! रेघेवर कापलेले कापड वाढत नाही, आणि ते निळे कापड दुकानात आता मिळत नाही. कार्यक्रमाच्या तोंडावर पोरीच्या काखेत अडकेल तो झगा. मग कळेल, दुसऱ्याचे उचलून नेले की काय होते.

१२ मार्च

भाचीचा यात काय दोष, असा विचार सकाळी आला. नांगी ठेचली त्याची.

१४ मार्च

पाव फुगला! पातेल्यातच, पण वरून बदामी, आतून जाळीदार. गरम असतानाच अर्धा खाल्ला. वाफ्यातले तण काढले, मटारच्या शेंगा खुडल्या. शत्रुत्व प्रकृतीला मानवते असे दिसते.

१८ मार्च

उद्या भाचीचे सभागृहात व्हायोलिन. मुद्दाम पुढची खुर्ची मागून घेतली आहे. सदऱ्याला स्वतः इस्त्री केली.

१९ मार्च

झगा बसला. तंतोतंत बसला! वाजवताना पोरीने हात पुरता उचलला तरी काखेत ओढ नाही, पाठीला सुरकुती नाही. खांद्याची शिवण खांद्यावरच. हिच्या हातचे शिवण असावे तसे. मी एक सूरही ऐकला नाही.

मेहुणी बाहेर दिसली. "पाहिलंत ना, भावोजी?" डोळे पुसत होती. मी मान हलवून निघून आलो.

माझे खोटे वाया कसे गेले?

२० मार्च

सकाळी मीच फोन केला. तिला प्रथमच.

"झगा कसा बसला?" सरळ विचारले.

"आईनं आम्हा दोघींना एकाच टेबलावर शिकवलं, भावोजी. कागदात माया आमच्यात कुणीच धरत नाही."

"ठाऊक होते, तर विचारलेस कशाला?"

"ताई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. म्हटलं, शिवणाचं काढलं तर तिच्याबद्दल काही बोलाल. बोललात की. सुरुवात खोट्यानं केलीत, एवढंच."

मी फोन ठेवला नाही. ही गेली त्या सकाळी काय म्हणाली, ते विचारले. धाकटी सांगू लागली.