सरांच्याच शब्दांत

दि. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडायला लागलीस की माझं तोंडच बंद होतं, म्हणून लिहायला बसलो. अक्षराला हसू नकोस.

मला समजलं ते असं. तिथल्या विद्यापीठात तुला सहा महिन्यांसाठी पाठवलं. पहिला निबंध तू तिथं शिकवणाऱ्या सरांच्याच पुस्तकातून शब्दन् शब्द उतरवून दिलास, सर खूश होतील म्हणून. त्यांनी त्याला चोरी म्हटलं. आता त्यांच्यापुढे आणि विभागाच्या बाईंपुढे जाऊन खुलासा करायचाय. तो न करताच तू घरी यायचं ठरवलंस, आणि बाबांना सांगितलंस की सुट्टी लागली.

ताई, गाशा गुंडाळायचं खातं आपल्या घरात माझ्याकडे आहे. आधी शाळा सोडली, मग हाताला लागलेली कामं. आता या धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या चादरी वाफेच्या इस्त्रीत सरकवतो, आणि इथूनही पाय निघू बघतोच. माझ्या खात्यात तू लुडबुड करू नकोस. जा त्यांच्यापुढे. आपल्या शाळेत उत्तरातला एक शब्द बदलला तरी छडी बसायची, हे त्यांना काय स्वप्नात दिसणार आहे? सांग त्यांना.

मुकादम मागे येऊन उभा राहिलाय. आटोपतो.

तुझा,
धाकटा

दि. १२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गेले रे एकदाची त्यांच्यापुढे. छडीचं सगळं सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, हे पुस्तक तुला स्वतःला कसं वाटलं? असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं रे.

चोरीचा शिक्का पुसायला ते तयार आहेत. पण महिनाअखेर नवा निबंध हवा, आणि सरांचं कुठे पटत नाही ते त्यात लिहायचं. नाही दिला तर घरी परत. खिडकीशी टेबल आहे, तिथे बसते, एक ओळ लिहिते आणि खोडते. ज्यांच्याकडे शिकायचं त्यांच्याच चुका काढायच्या? माझ्याच्यानं नाही व्हायचं. पंचवीस तारखेचं तिकीट बघून ठेवलंय. बाबांना सुट्टीचंच माहीत आहे, तेच राहू दे.

जपून राहा, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

दि. १७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

चुका काढणं तुझ्याच्यानं नाही व्हायचं? माझ्या बोलण्यात, जेवण्यात, भांग पाडण्यात चुका काढता काढता तू लहानाची मोठी झालीस. तेव्हा कधी अडलं नाही. सर काय, माझ्याहून थोडेच शहाणे असतील. तेव्हा ते तिकीट विसर.

आता दुसरं. काल बाबांना फोन केला आणि खरं ते सांगून टाकलं, की सुट्टी वगैरे काही नाही, ताई घाबरून पळून येतेय. बाबा म्हणाले, शिकायलाच गेलीय ना, मग चुकेल की. येऊ नको म्हणावं. मागून आईनं विचारलं, जेवते का नीट?

चुगली केली म्हणून राग येईल. येऊ दे. त्याच रागात टेबलाशी बस, आणि सरांचं जे पटलं नाही ते धडाधड लिहून काढ. खोडायचं नाही.

माझ्यावरचा लोभ महिनाअखेरपर्यंत बंद ठेवलास तरी चालेल. तू येणार म्हणून आईनं खाली काढलेली गादी परत माळ्यावर गेली आहे.

तुझा,
धाकटा