नियत न बांधता

१ रमजान, हिजरी १३६२

आज उभा राहिलो. नियत, नमाजीचा संकल्प, बांधली नाही.

जैनोद्दीन सोलापूरला गिरणीत लागला. इतकी वर्षं तो अब्बांचा सामे होता. त्याच्यानंतर मुरुममध्ये कुरआन पाठ असलेला हाफिज, अब्बांखेरीज, मीच. अब्बा दारात आले. "जैनोद्दीन गेला. माझ्या मागं तू राहा." एवढं बोलून वजू करायला, नमाजीआधी हातपाय धुवायला, गेले. (अब्बा दखनीत बोलतात. मी इथल्या बोलीत उतरवतो.)

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजीत इमाम म्हणून अब्बा सगळं कुरआन पाठ म्हणतात. हातात पुस्तक नसतं. त्यांच्या पाठीमागं, पहिल्या रांगेत, सामे उभा असतो. तो ऐकतो. इमाम अडला की पुढचा शब्द पुरवतो. त्याला लुकमा म्हणतात.

माझी लेक हमिदा माघात गेली. गाठीचा ताप. गावाबाहेर, कडब्याच्या झोपडीत. तेव्हापासून मी नमाज पढलेलो नाही. घरात माहीत आहे. कोणी काही म्हणत नाही.

आज दोन लुकमे दिले.

हे मराठीत लिहितो. बायकोला, अन्वरीला, उर्दू तेवढं वाचता येतं.

२ रमजान

नियम असा — लुकमा देणारा स्वतः त्याच नमाजीत असला पाहिजे. नियत न बांधलेल्या माणसाचा शब्द इमामानं उचलला, तर इमामाची नमाज मोडते. त्याची मोडली की मागच्या सगळ्यांची मोडते. हे मला अब्बांनीच शिकवलं.

म्हणजे काल मी मशीदभर माणसांची नमाज मोडली. आजही.

अब्बांना सांगितलं तर ते उद्यापासून पुढं उभे राहणार नाहीत. या महिन्यावर ते वर्ष काढतात. हमिदा गेल्यावर तर दुसरं काही उरलेलंच नाही त्यांना. मग खोटी नियत बांधावी? ओठांनी म्हणता येते. बांधली जात नाही.

एकच वाट दिसते. कुरआन माणसानं रचलेलं असेल, तर मोडण्यासारखं काही नव्हतंच. मी एका म्हाताऱ्याला शब्द आठवून देतो, बस. पण ते वरून आलेलं असेल तर —

मी हैदराबादेत साहित्य शिकलो. मजकूर समोर आला की तो कुणाच्या हातचा, हे ओळखायला शिकलो. ईदेपर्यंत ठरवायचं.

४ रमजान

कुरआन वरूनच आलं, हे पटवणाऱ्या लहानपणापासून ऐकलेल्या दलीली एकेक करून पुढं घेतल्या.

अशी एक तरी सूरत, एक अध्याय, रचून दाखवा, हे आव्हान. कुणाला जमलं नाही. पण मोठ्या कवीसारखं दुसऱ्या कुणालाच जमत नसतं. ही पडली.

हुजूर, म्हणजे पैगंबर, लिहायला-वाचायला शिकलेले नव्हते. पण निरक्षर माणसाला कान असतात. त्या काळचे अरब कवितेत बुडालेले होते. हीही पडली.

इतकी शतकं एक अक्षर हललं नाही. खरं आहे, अब्बांकडं बघून पटतं. पण ती जपणाऱ्यांची थोरवी. रचणारा कोण, ते त्यातून कळत नाही.

तिन्ही पडल्या. बरं वाटायला हवं होतं.

६ रमजान

वीरप्पा माझ्याच शाळेत गणित शिकवतो. मधल्या सुट्टीत मला कोठीच्या खोलीत नेतो, दार लोटतो, भाकरी काढतो. मी रोजे धरत नाही हे त्याला एकट्याला माहीत आहे.

"गफारमियाँ, रोजा न्हाय, नमाज न्हाय, आन देवाचं पुस्तक तपासताय. शाळा तपासणीस झालात की."

मी दलीली सांगितल्या. तो चावत ऐकत होता.

"आमच्या लिंगायतांच्या वचनांत शेवटी देवाचं नाव घेऊन त्याला हाक मारलेली असती. बोलणारा माणूस, ऐकणारा देव. भांडणच न्हाय. तुमच्यात उलटं."

"म्हणून तर प्रश्न आहे."

"मग सोपं हाय. देव बोलतोय म्हणता ना? वास घ्या. त्यात माणसाचा वास येतो का बघा." मग भाकरी पुढं सरकवली. "धरा. आन घरी जायच्या आधी तोंड धुवा. माझ्या शेंगाचटणीचा वास तुमच्या अब्बांपर्यंत जाईल."

वीरप्पाला गंमत वाटली. मला पद्धत मिळाली.

७ रमजान

आज अब्बा पाच ठिकाणी अडले. लुकमा दिला तरी लगेच उचलत नाहीत. मागच्या आयतीवर, आधीच्या ओळीवर, जातात, पुन्हा चालत येतात, मग पुढं होतात. वय झालं.

९ रमजान

वास घेत होतो. माणसाचा वास आला, पण दुसरीकडं.

हुजूरांचं स्वतःचं बोलणं हदीसांत, लोकांनी जपलेल्या त्यांच्या आठवणींत, आहे. साधं, जवळचं, कधी थट्टेचं. घरातल्या माणसाचं बोलणं. कुरआनची चाल निराळी. शब्दांची निवड निराळी, वाक्य वळतं ते निराळं. एकाच तोंडातून, एकाच वर्षांत, दोन्ही. आणि हे वीसहून जास्त वर्षं चाललं — उपासमारीत, लढाईत, घरच्या भांडणांत.

मी मोठमोठे लेखक सोंग घेताना पाहिले आहेत. दहा पानांवर सोंग गळतं. कुठंतरी लेखकाची स्वतःची खोड बाहेर येतेच. इथं गळालेलं सापडत नाही. रात्री उभा असताना कान देऊन शोधतो. अब्बा ज्या आवाजात म्हणतात त्यात नाही सापडत.

ही पडत नाही.

११ रमजान

आज युसुफची सूरत.

याकूबचा मुलगा हरवतो. बाप रडतो. रडून रडून त्याचे डोळे पांढरे होतात. अब्बा त्या आयतीपर्यंत आले आणि थांबले. डोळ्यांच्या आधीच.

शब्द माझ्या जिभेवर होता. पाचव्या वर्षी पाठ केलेला शब्द. मी दिला नाही. देता आला नाही. मागं कोणीतरी खाकरलं. पंखा हलवणाऱ्याचा हात थांबला.

अब्बा बराच वेळ तसेच उभे राहिले. मग रुकूत वाकले.

परतताना मी हात दिला. त्यांनी धरला. अब्बांना याकूब विसरला. आता काय उरलं त्यांच्यापाशी!

१२ रमजान

अब्बांनी आज त्याच आयतीपासून धरलं. न अडता गेले. फार हळू आवाजात.

१३ रमजान

अन्वरी पूर्वी मला "हमिदाके अब्बा" म्हणायची. आता "सुनो" म्हणते.

१५ रमजान

आणखी एक.

एक आंधळा माणूस हुजूरांकडं काही विचारायला येतो. हुजूर शहरातल्या बड्या लोकांशी बोलत असतात. त्यांच्या कपाळाला आठी पडते, ते तोंड फिरवतात. आंधळ्याला ती आठी दिसलेली नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षात राहिली नसती. कुरआनमध्ये ती आहे. हुजूरांना टोकलेलं आहे, आणि ते टोकणं त्यांनी स्वतःच्या तोंडानं लोकांना म्हणून दाखवलं. तेव्हापासून सगळी दुनिया ते नमाजीत म्हणते.

स्वतःची आठी कोण लिहून ठेवतं? मी या वहीत ठेवीन. मशिदीच्या भिंतीवर लावणार नाही.

ही पण पडली नाही.

अन्वरीनं विचारलं, "दिवसभर काय लिहिता?" शाळेचं, म्हणालो. ती म्हणाली, "शाळेचं लिहिताना तुम्ही असे बसत न्हाय."

१९ रमजान

आज उत्तर मिळालं. नको होतं.

आतापर्यंतची पानं उलटून पाहिली. दलीली लिहायला बसलो होतो. मधेमधे हमिदा; युसुफच्या रात्री तर नाव न घेता. मी ठरवून आणलेली नाही. ती येते. लिहिणाऱ्याच्या हातात जे असतं ते कागदावर सांडतंच, मला हेच शिकवलेलं होतं.

हुजूरांची सहा मुलं त्यांच्या हयातीत गेली. धाकटा इब्राहीम मांडीवर गेला. त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणाले, आकाशानं शोक केला. हुजूर म्हणाले, कुणाच्या मरणानं ग्रहण लागत नाही. खोटा माणूस असता तर गप्प राहिला असता. लोक आपणहून चमत्कार हातात देत होते.

पण मला अडवतं ते पुढचंच. कुरआनमध्ये इब्राहीम नाही. थोरला कासिम नाही. एकाही मुलाचं नाव नाही, त्यांच्यासाठी एक ओळ रडणं नाही. शत्रूंनी निर्वंश म्हणून हिणवलं, त्याला उत्तर आहे. मूल नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या याकूबचे डोळे आहेत, आणि ज्यानं ते म्हणून दाखवले त्याची स्वतःची गेलेली मुलं कुठंच नाहीत. आणि तो दगडाचा नव्हता. इब्राहीमसाठी तो रडला. हदीसमध्ये ते रडणं आहे.

सहा मुलं पुरलेल्या बापाच्या मनातून हे पुस्तक आलं असतं, तर एखाद्या कोपऱ्यात एक तरी मूल सापडलं असतं. मी बाप आहे. हे मला ग्रंथ वाचून कळलेलं नाही.

म्हणजे ते त्यांच्या मनातून आलेलं नाही. दुसरीकडून आलं.

२० रमजान

आणि जिथून आलं तिथं हमिदासाठीही ओळ नाही. मुद्दा पटला. त्यावर हात शेकता येत नाहीत.

आता मला नक्की माहीत आहे मी रोज रात्री काय करतो ते.

२१ रमजान

नियत बांधायला गेलो. हात कानांपर्यंत नेले. डोक्याला पटलं म्हणून हात बांधले जात नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं. खाली आले.

चार लुकमे.

२४ रमजान

आज ठरवून गप्प राहिलो. अब्बा अडले. मी दात आवळून उभा. रांगेत शेजारी उभा असलेला म्हातारा शेख बाबू मला कोपरानं ढोसायला लागला. नमाजीत! सलाम फिरून नमाज संपल्यावर म्हणाला, "मास्तर, झोपला हुता का? बापाला उघडं पाडता व्हय लोकांत?"

पुढच्या वेळी अब्बा अडले तेव्हा शब्द दिला. अब्बा मागच्या आयतीवर गेले. नेहमीसारखेच.

२५ रमजान

हमिदा आजोबांच्या मागं उशी घेऊन उभी राहायची. सामे-सामे खेळायची. मुद्दाम चुकीचा लुकमा द्यायची आणि अब्बा हसू दाबत पुढं म्हणत राहायचे. एकदाही फसले नाहीत.

हे आज का आठवलं माहीत नाही.

२७ रमजान

खत्म झाला. कुरआन पूर्ण. लोकांनी अब्बांच्या गळ्यात हार घातले, हातात मिठाई दिली. माझ्याही गळ्यात एक घातला. शेख बाबूनं गालावर हात फिरवला. "बाप-लेकानं पार पाडलं."

मी हार घेऊन घरी आलो. अन्वरीनं तो हमिदाच्या खुंटीला अडकवला.

अब्बांना सांगायचं. या सगळ्या लोकांच्या नमाजी त्यांनी परत पढून घ्यायला हव्यात, माझ्यामुळं.

२८ रमजान

सांगितलं नाही.

२९ रमजान

सांगितलं नाही. चंद्र दिसला.

ईद

ईदगाहवर मी बाहेर चपलांपाशी उभा होतो. परतताना अब्बांचा हात धरला आणि वाटेत सांगितलं. महिनाभर नियत नव्हती.

"माहिताय. पहिल्याच राती कळलं. मागनं तुझं 'अल्लाहु अकबर' आलं न्हाय."

"मग माझे लुकमे?"

"एकबी घेतला न्हाय. मागच्या आयतीवर जायचो. माझं मला आठवंस्तर थांबायचो. कुणाची नमाज मोडली न्हाय, भिऊ नको."

"मग मला उभं कशाला केलंत?"

"घरात तू कुणापाशी उभा राहतोस? तिथं तरी राहिलास."

बाजारापाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "युसुफच्या राती मी इसरलो नव्हतो."