लाल खुणेपर्यंत

देवळी,
मंगळवार, दुपार

बंडूजी,

वहिनीचे आशीर्वाद. तुमचा गुडघा बरा असेल असे धरून चालते, कारण लग्नघरात गुडघ्याला दुखायला सवड नसते. माझे ठीक आहे. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू सावंगीच्या दवाखान्यात काढून घेतला. आता शेजारच्या प्रमिलाबाईंच्या भांड्यांवरची नावे मला माझ्या अंगणातून वाचता येतात (त्यातले एक पातेले माझे निघाले). फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही “हो वहिनी, हो वहिनी” म्हणता आणि मला कळते, की तुम्ही मांडववाल्याशी बोलत आहात. कागद मात्र वाचावाच लागतो.

तर विषय तुमच्या दादांच्या कॅमेऱ्याचा. तुमच्या अपेक्षाने मागल्या आठवड्यात त्याचा रोल पाठवला (जुन्या रोलची फॅशन परत आली म्हणे, थोडी कळ काढली तर माझे नऊवारी लुगडेही परत येईल) आणि वर फोन केला, “मोठीआई, माह्या हळदीचे फोटो मोठ्याबाबाच्या कॅमेऱ्यानं तूच काढजो.” मी लगेच हो म्हटले. तुमच्या रजतच्या हळदीला आत्याबाईंनी “रुख्मा, तू थोडी मांगं बस वो” म्हणून मला मागच्या खांबाजवळ बसवले होते, ते तुम्हाला आठवत असेल. त्या खांबात किती खिळे आहेत हे मला आजही पाठ आहे. नवरदेव तेवढा दिसला नाही. म्हणून यंदा हा कॅमेरा चालणे मला फार जरुरीचे होते.

हा कॅमेरा आपोआप चालणारा आहे. तुमचे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, की याला काही करावे लागत नाही, सगळे तोच करतो. (घरातल्या कामांबद्दलही त्यांची हीच समजूत होती.) ते गेल्याला चार वर्षे झाली. तेव्हापासून त्याला हात लागला तो फक्त दसऱ्याला. विळा, शिलाई मशीन आणि कॅमेरा यांची पूजा मी एकदाही चुकवली नाही. त्याचे पुढे येईलच.

पहिल्या दिवशी मी झाकण उघडले, रोलची डबी खोबणीत बसवली, पट्टीचे टोक ओढले आणि झाकण लावले. कॅमेरा काहीच बोलला नाही. सेल संपले असणार, म्हणून भिंतीवरच्या दोन्ही घड्याळांतले काढून घातले. आता तो एकदा घुरकला आणि त्याच्या आकड्याच्या खिडकीत शून्य लुकलुकायला लागले. मधल्या वेळात प्रमिलाबाई आल्या, घड्याळात सव्वाअकरा पाहून “अजून लय टाइम आहे नं वो बाई” म्हणत चहाला बसल्या आणि त्यांची वर्ध्याची एसटी गेली. दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग मी माहितीचे पुस्तक काढले. ते इंग्रजीत. मी वाचायला माझी मीच शिकले, त्यामुळे इंग्रजीची अक्षरे लावता येतात, अर्थ मात्र लागत नाही. पण चित्रांच्या कडेला तुमच्या दादांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: “टोक लाल खुणेपर्यंत. पुढे नाही. घाई नको.” ‘घाई नको’खाली दोन रेघा. (त्या कोणासाठी, हे मला लगेच कळले.) मी टोक खुणेपर्यंत आणले. शून्य. जरा पुढे ओढले, तर पट्टी फुगून वर आली. शून्य. बाजारातल्या घड्याळवाल्या लहानूकडे नेला. त्याने उलटासुलटा करून मलाच विचारले, “काकू, याच्यात कार्ड कुठी टाकतेत?”

शेवटी काल सकाळी उंबऱ्यात उन्हाला बसले आणि नव्या डोळ्याने कॅमेऱ्याच्या पोटात पाहिले. पट्टी ओढणाऱ्या चाकाच्या दातात तांदळाचा एक लाल दाणा. मशीनच्या ब्रशने झाडले, तर एकूण अकरा दाणे पडले. माझे चार दसरे, बंडूजी! कॅमेऱ्याचा जीव आत असतो असे ते म्हणत, म्हणून मी दर दसऱ्याला झाकण उघडून आत अक्षता टाकत होते. जरा कुंकूही लावले होते. ते असते तर दोन दिवस हसले असते. ते नाहीत, म्हणून दोघांच्या वाट्याचे मीच हसले. मग डोळे पुसले आणि टोक लाल खुणेपर्यंत ठेवले, पुढे नाही, घाई न करता. झाकण लावले. घुर्र झाले आणि खिडकीत शून्य जाऊन एकचा आकडा आला.

तर कॅमेरा तयार आहे आणि मीही. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने हिंगणघाटला पोचते. आत्याबाईंना नमस्कार सांगा, आणि फोटो काढणाऱ्याला पाटाच्या अगदी जवळ उभे राहावे लागते, हेही आतापासूनच कानावर घालून ठेवा.

तुमची वहिनी,
रुख्मा

ता. क. खिडकीतला आकडा खोटा तर नाही, हे पाहायला मी मधे तीनदा झाकण उघडले. लहानू म्हणतो, उजेड लागला की फोटो जळतात. शिवाय खात्रीसाठी म्हणून प्रमिलाबाईंचे (आता बोलतात), त्यांच्या बकरीचे आणि पातेल्याचे धरून छत्तीसच्या छत्तीस काढून झाले. पट्टी आपोआप डबीत परत गेली. अपेक्षाला दुसरा रोल मागवायला सांगा. कशाला, ते सांगू नका.

आणखी एक. रोल वेळेत नाही आला तरी मी येतेच. रिकाम्या कॅमेऱ्याचाही फ्लॅश पडतो, मी पाहून घेतले आहे. खरे फोटो रजत मोबाइलवर काढेल. मागल्या वेळी फोटोवाला चपलेसकट रांगोळीत उभा होता, त्याला कोणी मागे बस म्हटले नाही. मला पोरीला हळद लागताना एकदा समोरून पाहायचे आहे, एवढेच. आत्याबाईंनी कॅमेरा उघडून दाखव म्हटले, तर तुम्ही मधे पडा आणि सांगा, की झाकण उघडले तर सगळे फोटो जळतील.