'भ'च्या डोक्यावरची फट

कासारवाडी,
डिसेंबर १९५६

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. वहिनीला म्हणावं, मेतकूटही पोचलं आणि संपलंसुद्धा. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

पिंपरीच्या कारखान्यात बॉयलरवरच्या पाट्या तू रंगवून गेलास, त्यांची गंमत सांगायची राहिली. बोटभर पत्रा आणि ढीगभर मजकूर, तेव्हा साहेबांनी तुला वळणं, शेपट्या, नक्षी काही करू दिलं नाही. बारीक, साधी, दाटीची अक्षरं. केवढा चिडला होतास! दुकानांवर झोकदार पाट्या रंगवणारा हात, आणि लिहायचं काय, तर 'पाणी भरा', 'वाफ सोडा'. तुझे दाजी पहिल्याच दिवशी घरी आले ते लालबुंद होऊन. "तुझ्या भावानं तिथं 'पाणी मरा' लिवलंय. आमी मरायला जातो व्हय?" मी हसून हसून बेजार. 'भ'च्या डोक्यावरची फट ठेवायला तू विसरलास असंच मला वाटलं. पण फोरमन मारुतराव म्हणाले, फट आहे की. सगळ्यांना दिसते.

तेव्हापासून माझं हसू गेलं. जेवताना हे आधी वाटीची कड चाचपतात आणि मग भाकरी बुडवतात. मी पाटीवर 'घर' लिहून समोर धरलं, तर 'धर' म्हणाले, आणि वर माझ्यावरच खेकसले. बॉयलरवर पाणी-वाफ सोडायची चाकं सगळी एकसारखी, पाटी वाचूनच फिरवायची. परवा यांच्या हातून पाण्याऐवजी वाफेचं चाक फिरलं. त्या पाइपाखाली शेजारच्या कुशाबाईचा नवरा गेनू उभा असतो. तो नेमका तंबाखू थुंकायला बाजूला गेला होता म्हणून वाचला. कुशाबाईने विहिरीवर मला हे हसत सांगितलं. चाक अडकलं होतं, असं यांनी तिच्या नवऱ्याला सांगितलंय. दादा, मला फार भीती वाटते. भोंगा झाला की मी दारात येऊन उभी राहते. बोलावं तर यांची नोकरी जाते, आणि गप्प बसावं तर एक दिवस गेनू जाईल. कुशाबाई समोर आली की मी मान खाली घालते.

हे पत्र लिहायला मला यांनीच बसवलंय. तुला बोलवायचं आणि पाट्यांवरची अक्षरं गुपचूप टपोरी करून घ्यायची. तू तसं करू नकोस. आज टपोरी दिसतील, उद्या तीही दिसणार नाहीत. तू ये, पण यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला ये. मारुतरावांना उद्या मी स्वतः जाऊन सगळं सांगणार आहे. यांना ते ठाऊक नाही, म्हणून हे पत्र तुझ्याच त्या बारीक, दाटीच्या अक्षरांत लिहिलंय. आत्ताच यांनी कागद मागून घेतला, दारातल्या उजेडात धरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "ब्येस लिवलंस," म्हणाले, "टपोरी करा म्हनून लिवलंस न्हवं?" मी व्हय म्हटलं.

तुझीच,
शकू