मायचा सहा फुटी फोटो

११ एप्रिल

माधवचा फोन. मायचं वर्षश्राद्ध चार मेला धरलंय, मोठा फोटो पाहिजे. "उभा, सहा फुटाचा कर अक्का. मांडवाच्या तोंडाशी लावू. मार्केटचे लोक येनार हायेत." माय होती तेव्हा तिला कुठल्या मांडवाच्या तोंडाशी कुणी उभं केलं नाही. आता सहा फुटाची पाहिजे. माधव धाकटा, एकुलता मुलगा, त्यात हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची अडत टाकलेली. त्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. हो म्हणाले.

कुठला फोटो, विचारलं. त्यानं आधार कार्डाचाच मोबाईलनं फोटो काढून पाठवला. त्यात माय कुणाचीही माय दिसते.

१२ एप्रिल

स्टुडिओत लग्नाचे अल्बम तुंबलेत, तरी दुपारभर जुन्या हार्डडिस्का धुंडाळल्या. सापडला!! गेल्या सालचा मार्च, नवा कॅमेरा घेऊन गावी गेले होते तेव्हाचा. आमचं शेत, कनेरगाव नाक्याच्या अलीकडचं. हळद उकडून वाळवून झालेली, पॉलिशचा ड्रम फिरतोय, सगळीकडं पिवळी धूळ, आणि माय पोत्यावर बसून हळकुंडं निवडतीय. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. मी कॅमेरा उचलला तर हात पुढं करून म्हणाली, "काय काढून राहिलीस बाई, हात तर धुऊ दे." तेवढ्यात मी काढला. त्यानंतर दोन महिनेही राहिली नाही. खोकत होतीच.

रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाईल, शाबूत आहे. हे नवलच. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडला की आम्ही रॉ उडवून टाकतो, डिस्कला जागा लागते, इथले सगळे स्टुडिओवाले हेच करतात. ही कशी वाचली कोण जाणे.

सोबतची छोटी जेपीजी, कॅमेऱ्यानं आपल्या मनानं बनवलेली, ती माधवला व्हॉट्सअपवर टाकली. नुसती बघायला. लिहिलं, हा चालेल का, मोठा नीट करून देते. त्याचा अंगठा आला.

१४ एप्रिल

बसले फाईलवर. पहिल्यांदा सवयीनं ऑटो दाबलं आणि हात धुतल्यासारखे पांढुरके झाले. त्या सॉफ्टवेअरचं म्हणणं असं की एवढा पिवळा खरा असूच शकत नाही, उजेडाची चूक असणार, काढून टाका. त्याला काय माहीत हिंगोली. मग मागं ठेवलेल्या पाण्याच्या कॅनचं झाकण पांढरं होतं, त्यावरून रंग बांधला. हात परत आले.

मग दुसरं दुखणं. जेपीजीत आणून बघितलं तर पिवळा इतका भडक की तळहाताच्या रेघा, भेगा सगळ्या बुजल्या. भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखं. परत रॉवर. पिवळा थोडा खाली, थोडा खाली, भेगा दिसेपर्यंत.

रॉ म्हणजे कच्चं हळकुंड, माती-मुळ्यांसकट. जेपीजी म्हणजे पॉलिश झालेलं. चमकतं, पण वजन घटतं, आणि परत कच्चं होत नाही. म्हणून जे करायचं ते रॉवर, आणि पॉलिश एकदाच, सगळ्यात शेवटी. हे मी लग्नाच्या गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकले.

१५ एप्रिल

आज जे दिसलं ते कुणाला सांगितलं नाही.

ऊन मायच्या पाठीमागून होतं. पदर डोक्यावर, त्यामुळे चेहरा सावलीत. छोट्या जेपीजीत पदराखाली नुसता काळोख आहे. रॉमध्ये सावली उचलत गेले तसे आधी डोळे आले, मग भुवया, आणि भुवयांच्या वर कपाळावर एक आडवा पिवळा पट्टा. मनगटानं घाम पुसला असणार.

बाबा गेले तेव्हा मी सातवीत. त्यानंतर त्या कपाळावर कुणी काही लावलेलं मी पाहिलं नाही. माझ्या लग्नात हळद मायनंच वाटली. पाटा ओढून घेतला, कुणाला हात लावू दिला नाही. आणि लावायच्या वेळी मागं सरकून बसली. लावली आत्यानं, मामीनं, काकूनं. मी पाटावरून तिला शोधत होते तर ती कोठीच्या दारात, वाटी रिकामी झाली का बघत होती.

हळद लावायला, खुरपायला, काढायला, उकडायला विधवा चालते. अंगाला लावायला चालत नाही. आणि इथं ती कपाळाला लावून बसलीय, स्वतःच्या हातानं, कुणाला न विचारता. तिलाही माहीत नसेल.

आज काम पुढं झालं नाही.

१७ एप्रिल

फाईल तयार. सहा फुटाला इंचामागं ऐंशीएक ठिपके पडतात, पुस्तकासारखं डोळ्याला लावून बघायचा नाही, लांबून छान दिसेल. जेपीजी पूर्ण क्वालिटीवर, एकदाच सेव्ह केली. नांदेडच्या लॅबला लिंक पाठवली. व्हॉट्सअपवर नाही, तिथं फाईल आकसते.

लॅबवाल्याचा लगेच फोन. "मॅडम, पीला बहुत है. ऑटो में डाल दूँ?"
म्हटलं, हात लावायचा नाही. जसा आहे तसाच.
"आपकी मर्जी. आधी एक पट्टी पाठवतो, बघा."

२१ एप्रिल

पट्टी आली. फक्त हात आणि मांडी, मूळ आकारात. काउंटरवर पसरली आणि रडले. खरंच रडले. नखाखालची हळदसुद्धा आलीय. अंगठ्याला विळा लागल्याची जुनी खूण आलीय. इतक्या वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

२३ एप्रिल

पट्टी घेऊन गावी गेले. जायला नको होतं.

माधव, त्याची बायको आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, घरातलं सगळं तिला विचारून होतं. माधवनं पट्टी उलटीसुलटी केली. "अक्का, हात काहून असे?"
म्हटलं, असेच होते.
"व्हते, पन फोटोत काहून? मार्केटचे लोक म्हनतील, पोरानं मायला मरेस्तोवर राबवलं."
"राबवलंच ना."

भावजय चहाच्या निमित्तानं उठून गेली. मग आत्या. "तुला कळते का काही? इधवा बाई व्हती ते. तिच्या अंगाला हळद, अन् तेबी एवढ्या मोठ्या फोटोत, अन् तेबी श्राद्धाला! लोक थुकतील."

मी म्हणाले, आत्या, हंगामभर तिचे हात असेच असायचे तेव्हा कोण थुंकलं? आत्या म्हणाली, "काम येगळं, शोभा येगळी."

पूर्ण फोटो कुणालाच दाखवला नाही. हातांचंच एवढं, तर कपाळाचं काय झालं असतं.

मी निघताना माधव म्हणाला, "तेवढे हात साफ करून दे, बस. दोन मिनटाचं काम हाय तुला." दोन मिनिटाचं आहेच. ऑटो दाबलं की होतं. करणार नाही.

२७ एप्रिल

माधवचा फोन, परत तेच. सांगितलं, लागेल तर असाच लागेल, नाहीतर आधार कार्डाचा लाव. "बरं," म्हणाला. इतक्या सहज कधी ऐकत नाही. मला वाटलं पाघळला. मूर्ख मी.

४ मे

काय लिहू.

मांडवाच्या तोंडाशी सहा फुटी माय. मोंढ्याजवळच्या फ्लेक्सवाल्याकडून छापून आणलेली. मी बघायला म्हणून व्हॉट्सअपवर टाकलेली ती छोटी फाईल, तीच ताणली. जवळ गेलं तर चौकोनच चौकोन. पदराखाली काळोख, त्यात डोळे नाहीत. आणि हातांतला पिवळा काढून टाकलेला, म्हणजे नुसते राखेच्या रंगाचे हात. त्यावर झेंडूचा हार. हार तेवढा पिवळा.

लोक थांबून नमस्कार करत होते. "काय गोरी दिसून राहिली माय!" माधव हात जोडून उभा. माझ्याकडं बघितलं नाही.

एकटी चंद्रभागा मावशी बराच वेळ उभी राहिली. मायच्या जोडीनं सगळे हंगाम तिनं ड्रमपाशी काढलेत. तिनं फोटोकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं, आणि मला म्हणाली, "बाई, हिला कुनाचे हात लावले?"

पंगतीत बसले. बुंदी वाढली तेवढी खाल्ली, टाकली नाही. संध्याकाळच्या बसनं परत.

९ मे

लॅबवाला विचारतोय, मॅडम, पुरा प्रिंट निकालूँ क्या, फाईल पडी है. काढ म्हणाले. कशासाठी, ते त्यानं विचारलं नाही, बरं झालं.

१३ मे

प्रिंट आला. दुकानाचं शटर ओढून जमिनीवर उलगडला. माय पडून माझ्याकडं बघत होती. कपाळावरचा पट्टा छान आलाय, अगदी हलका, माहीत असेल त्यालाच चटकन दिसेल. गुंडाळून नळकांड्यात घातला. घरच्यांनी विचारलं, एवढा लावायचा कुठं? मलाही माहीत नाही. सध्या कपाटामागं उभा आहे.

माधवशी बोलणं बंद. म्हणजे मी बंद केलंय. त्याला पत्ता लागलाय असं वाटत नाही.

२९ मे

माधव स्वतः स्टुडिओत आला. पेढे घेऊन. मला वाटलं माफी मागतोय. शहाणपण कधी येणार मला?

हळद पावडर काढतोय. स्वतःच्या नावाची पाकिटं. म्हणजे मायच्या नावाची, पाकिटावर माय, दुकानावर मोठा बोर्ड, त्यावरही माय. "अक्का, ते पिवळे हातवाला फोटो पायजे. ओरिजनल. पाकिट बनवनाऱ्याला ते पट्टी दाखवली मी, येडा झाला तो. म्हनला असे हात पैसे देऊन भेटत न्हाईत."

पट्टी गावीच राहिली होती तर. मला वाटलं होतं त्या दिवशी बसमध्ये विसरले.

विचारलं, विधवेच्या अंगाला हळद चालते का आता?

हसला. खरंच हसला. "तेच म्हनतो मी. तेवढं कपाळाला कुकू लाव. मोठं, आत्यावानी. करतीस ना तू कम्प्युटरवर? इधवा बाईची हळद कोन घेईल लग्नाघरी? कुकू लावलं की लक्ष्मीवानी दिसल. आत्याबी व्हय म्हनली."

"माय जिती असताना लावायचं होतं," मी म्हणाले.
"तू लई मनाला लावून घेतीस अक्का."

पेनड्राईव्ह काउंटरवर ठेवून गेला. एक पेढा लगेच खाल्ला मी, रागानं. बाकीचे वाटले.

१ जून

मेसेज. "फाईल झाली का". मग, "क्वालिटी फुल ठेव, बोर्ड लई मोठा हाय". मग, "व्हॉट्सअपवर नको, फाटते".

वा. सगळं कळतं तर.

२ जून

संध्याकाळी फाईल उघडली. मोठी करून कपाळावर गेले. कुंकू जिथं येणार तिथंच तो पट्टा आहे, बरोबर खाली. लावलं की झाकला जाईल, आणि नंतर कुणी म्हणणार नाही की तिथं काही होतं.

नाही दिलं तर तो दुसऱ्या कुणाकडून आधार कार्डाच्या फोटोला कुंकू लावून घेईल, त्यात त्याचं काही अडत नाही. माझी माय कपाटामागं उभी राहील. जसा आहे तसा दिला, कुंकवाशिवाय, तर तो बोर्डावर जाईल का? आणि गेलाच तर अख्ख्या मोंढ्यावर माय, कपाळाला हळद, कुंकू नाही, आणि आत्या त्याच्याखालून चालत जाईल. हे मनात आलं तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. पण माधव आंधळा नाही. फोटोतलं त्याला दिसत नसेल, गिऱ्हाईक काय म्हणेल ते लगेच दिसतं.

चंद्रभागा मावशीला फोन लावला, का ते माहीत नाही. उचलला नाही. शेतात असेल.

३ जून

माधव उद्या सकाळी येतो म्हणाला. पेनड्राईव्ह लावलाय. मायचं कपाळ पडद्यावर आहे. कुंकवाचा लाल निवडून ठेवलाय, अजून टेकवलेला नाही.