कापूस कसा लागेल?

मंगळवार, संध्याकाळ

पायाला मुंग्या येतात म्हणून संजू आज मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि पायावर कापूस टेकवत विचारत राहिले, "माताजी, लग रहा है?" मी प्रत्येक वेळी म्हटलं, "नहीं जी." कापूस कसा लागेल? मला वाटलं, पास होतेय.

मग गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय असा उडाला की डॉक्टरांनाच बसला असता. टाचेमागे मारली, तिथेही पंजा हलला. डॉक्टर बुचकळ्यात पडले. "रिफ्लेक्स तो बढ़िया हैं, फिर छूना क्यों नहीं पता चल रहा?" हे संजूला विचारलं, मला नाही. संजू मोबाइलमध्ये. मान वर न करता म्हणाला, "आजकल इनको कुछ समझता नहीं."

घरी आल्यावर सुनेला सगळं सांगितलं, तशी ती हसली. ती या हिंदी मुलखातलीच, इथल्या छत्रीबागेत वाढलेली. म्हणाली, "आई, ते 'जाणवतंय का' विचारत होते. 'दुखतंय का' नाही." म्हणजे मला तर सगळं कळत होतं, अगदी करंगळीपर्यंत. कापूस थोडा ओलसर होता हेसुद्धा.

संजूला दोन्ही भाषा येतात. शेजारीच बसला होता. मी हे बोलले तर म्हणतो, "छोड़ ना आई, पुन्हा जाऊन येऊ. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

इनको कुछ समझता नहीं.

आता विचारा म्हणावं डॉक्टरांना. डोळे मिटून सांगते. हां जी, लग रहा है.